मुहासबा आणि नेणीव

ज्या समाजावर अन्याय झाला, त्यालाच 'आधी स्वतःच्या आत डोकावून पाहा' असे सांगावे का? हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

कार्ल युंग (१८७५-१९६१) यांच्या मते माणूस स्वतःतले जे नाकारतो, ते नष्ट होत नाही. ते नेणिवेत साचते आणि पुढे दुसऱ्याच्या अंगी दिसू लागते. त्याला त्यांनी 'छाया' म्हटले. आपल्या परंपरेला हा विचार अगदीच परका नाही. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था येतात : वाईटाकडे ओढणारी अम्मारा, स्वतःला दोष देणारी लव्वामा आणि शांतावलेली मुत्मइन्ना. बगदादचे सूफी हारिस अल-मुहासिबी (मृत्यू ८५७) यांना ते नावच 'मुहासबा', म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे, यावरून मिळाले.

एका माणसापुरते हे ठीक. समाजाचे काय? १९३६च्या 'वोटान' या निबंधात युंग यांनी नाझी उन्मादाचे मूळ एका जुन्या जर्मन दैवताच्या रूपात शोधले. पण सारा ठपका दैवतावर किंवा नेणिवेवर ठेवला, की हात उगारणारा माणूस मोकळा सुटतो. मुहासब्यात तशी सूट नाही. तिथे ज्याचा त्याला जबाब द्यावा लागतो.

१९९२-९३च्या मुंबई दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या मते ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू. कित्येक कुटुंबे मुंब्र्याला गेली. त्यांच्या नातवंडांनी दंगल पाहिली नाही, भीती मात्र वारशाने मिळाली. अशांना इन्साफाऐवजी आत्मशुद्धीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

तरीही इन्साफ मिळाला म्हणून मनातला गाळ आपोआप उपसला जात नाही. बाहेर समतेचा हक्क मागणारा आपला समाज सोयरीक जुळवताना बिरादरी विचारतो. बागवान, पिंजारी म्हटले की नाक मुरडतो. बाहेरच्याच्या डोळ्यांतला जो तिरस्कार आपल्याला बोचतो, तोच आपल्या उंबऱ्याच्या आतही असतो. हे ओळखल्याने अन्याय करणाऱ्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. मात्र त्याच्यासारखे होण्यापासून आपण वाचतो.

१९८४ साली होरपळलेली भिवंडी १९९२-९३मध्ये शांत राहिली. १९८८पासून तिथे मोहल्ला कमिट्यांत पोलीस आणि दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसत होती. मनातला संशय समोरासमोर बोलला जाणे, हाही एक सामूहिक मुहासबाच. त्यासाठी कुणी आपली तक्रार मागे घेतली नव्हती.

म्हणून आपले उत्तर असे : हिशेब दोन्ही मागावेत. सत्तेकडे इन्साफाचा, स्वतःकडे नफ्सचा. एक दाखवून दुसरा बुडवू पाहणाऱ्याला, मग तो परका असो वा आपला, आपण ठाम नकार द्यावा.