फक्त सभासदांसाठी

बसा. मोबाइल पालथे ठेवा. आधी हजेरी.

सोसायटीत फ्लॅट एकशे चाळीस. गेल्या रविवारी सीपीआर शिकवायला डॉक्टर दोन डमी घेऊन आले, तेही फुकट. खुर्च्या साठ मांडल्या आणि माणसं आली अकरा. त्यातले दोघं वडे आलेत का ते बघायला. हे मी गिळलं असतं. पस्तीस वर्षं शाळेत काढलीत, रिकामे बाक मला नवे नाहीत. पण वॉचमन दारातून डोकावत होते, त्यांना "इथे काय काम? गेटवर जा," म्हणून हाकललं कुणी? नाव घेत नाही. मान खाली गेलीय, तेवढी पुरे. नोटिशीवर तर ठळक अक्षरांत होतंच, 'फक्त सभासदांसाठी'.

दुपारी तीन वाजता लिफ्टबाहेर कोसळलात तर तिथे कोण असणार आहे? मुलगा हिंजवडीला, शेजारी दार लावून झोपलेले. धावत येतील ते वॉचमन, जिना पुसणाऱ्या मावशी, नाहीतर पार्सल घेऊन आलेला पोरगा. आणि त्यांनाच तुम्ही दाराबाहेर ठेवलंत! मग ते बिचारे काय करणार? तुम्ही करता तेच. कांदा फोडून नाकाशी धरणार, तोंडात पाणी ओतणार, आणि "घोरतायत, म्हणजे श्वास चालू आहे," म्हणून बघत उभे राहणार. अहो, हृदय बंद पडल्यावरही सुरुवातीची काही मिनिटं मधूनच तशी घरघर येते. तिला श्वास समजलात की खेळ खलास. मेंदूला रक्त मिळालं नाही, तर चार-सहा मिनिटांत तो निकामी व्हायला लागतो. १०८ची गाडी काही उडत येत नाही. आपल्याच चौकातून यायचंय तिला, आणि गेटसमोर आडवी गाडी कोण लावतं तेही मला ठाऊक आहे.

"हे डॉक्टरांचं काम," असं कोण पुटपुटलं मागे? १९६० साली छाती दाबण्याची ही रीत अमेरिकेतल्या ज्या तिघांनी जगापुढे मांडली, त्यातले विल्यम कौवेनहोवन इंजिनिअर होते, विजेचे. डेन्मार्कने २००५पासून हे शाळेत सक्तीचं केलं, २००६पासून लायसन्स काढणाऱ्यांनाही. २००१ साली तिथे हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडून कोसळलेल्या पाचातल्या एकालाच आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळायचा. २०१०पर्यंत जवळजवळ निम्म्यांना मिळू लागला. तिथे कुणी सभासदत्वाची पावती मागत बसलं नाही.

फासळी मोडेल म्हणता? मोडेल कदाचित. फासळी जुळते. तोंडाला तोंड लावायची लाज वाटते? मोठं माणूस अचानक कोसळलं तर नुसती छाती दाबा, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. तेव्हा तुम्ही व्हिडिओ काढत होतात. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना श्वासही द्यावा लागतो, ते पुढच्या वेळी.

मी करून बघितलं त्या दिवशी. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दाब नीट पडला की डमी टक् करते. माझी दीड मिनिटातच गप्प झाली, हात लटपटले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. आता गणित करा. गाडीला सोळा मिनिटं लागली तर आठ पाळ्या होतात. आलेल्या अकरांतले सात साठीपुढचे, त्यात मीही. दुपारच्या वेळी त्या आठ पाळ्या कोण करणार, सांगा!

येत्या रविवारी दहाला डॉक्टर पुन्हा येतायत. कसे तयार झाले ते माझं मला माहीत. पहिल्या रांगेत वॉचमन, मावशी, माळी, इस्त्रीवाले. त्या तासाचा कुणी त्यांचा पगार कापला तर गाठ माझ्याशी आहे. तुम्ही मागे बसा. वडे कार्यक्रम संपल्यावर.

सेक्रेटरी, ती नोटीस आणा इकडे. पेन आहे ना? 'फक्त सभासदांसाठी' खोडा. नीट खोडा, खाली दिसतंय अजून. आणि शेजारी हिंदीतही लिहा, रात्रपाळीचे दोघं बिहारचे आहेत.