लिलावांतील अखेरचा क्षण

अगदीं अखेरच्या क्षणीं बोली चढवून वस्तु पटकाविणें हा अन्याय होय काय? प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडांत पूर्वीं मेणबत्ती विझेपर्यंत लिलाव चाले. ज्योत मालवतांना धूर खालीं वळतो, हें हेरून एक चतुर गृहस्थ नेमकी शेवटची बोली करी, असें सॅम्युअल पीप्सनें १६६२ सालीं जहाजांच्या लिलावाविषयीं आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे.

जुन्या मोटारींचे लिलाव आज इंटरनेटवर होतात. ‘ईबे’वर ठरलेली वेळ होतांच लिलाव मिटतो. तेथें आपली कमाल रक्कम आगाऊ नोंदवितां येते. मग हरणाऱ्याची तक्रार कसली, असें कोणी म्हणेल. परंतु दुर्मिळ मोटारीचें मोल एकट्यास क्वचितच कळतें. इतरांच्या बोलींवरून तें उमगत जातें. शेवटपर्यंत मौन धरणारा इतरांचें मत जाणून घेतो, स्वतःचें मात्र दडवितो. नियम न मोडतांही घडणारा दोष तो हाच.

अमेरिकेंतील ‘ब्रिंग अ ट्रेलर’वर अखेरच्या दोन मिनिटांत बोली आल्यास घड्याळ पुन्हां दोन मिनिटांवर येतें. तेणेंकरून उत्तर देण्यास सर्वांस अवकाश मिळतो. चतुरास बोल लावण्यापेक्षां त्या चतुराईचा लाभच नाहींसा करणारा नियम करणें, हें अधिक न्याय्य नव्हे काय?