वास्तूला पाप लागते काय?

इंग्लंडातील सरे परगण्यात क्लेअरमाँट नावाचा एक भव्य वाडा आहे. रॉबर्ट क्लाइव्हने ती जहागीर विकत घेतली, व्हॅनब्रूने बांधलेले जुने घर पाडले आणि उंचवट्यावर नवे उभारायला घेतले. पैसा अर्थातच बंगालचा. भिंती चढत होत्या त्याच सुमारास, १७७० साली, बंगालात माणसे किड्यामुंग्यांसारखी अन्नावाचून मरत होती. क्लाइव्ह तेव्हा तिथे नव्हता, हे खरे. पण १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या पदरात पाडणारा तोच.

मेकॉलेने लिहून ठेवले आहे, की सैतान आत शिरू नये म्हणून हा पापी लॉर्ड भिंती इतक्या जाड करवतो आहे, असे आसपासचे शेतकरी कुजबुजत. (आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी दुसरे काय म्हटले असते!) १७७४ साली क्लाइव्ह गेला, वाड्याचे सुख त्याला लाभलेच नाही. १८१७ साली राजकन्या शार्लट तिथे बाळंतपणात गेली, १८५० साली फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप तिथेच वारला.

म्हणजे वास्तूच बाधली म्हणायची? मला हे पटत नाही. शार्लटने बंगालचे काय खाल्ले होते? असला न्याय फार सोयीचा असतो. एका बाळंतिणीच्या मरणाने एकाही भुकेल्याची भरपाई होत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ऋण फिटल्यासारखे वाटते.

आज त्या वाड्यात शाळा भरते. तिथल्या मास्तराने मुलांना त्या जाड भिंती दाखवाव्यात आणि पैसा कुठून आला तेही सांगावे. फक्त दहाव्या वर्षी सांगावे की पंधराव्या, एवढेच मला ठरवता येत नाही.