भाकरीला पक्ष असतो का?

भुकेल्या माणसाला अन्न देण्याआधी त्याला काय विचारावे? आपल्या खेड्यापाड्यांत दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग गाव-नाव विचारतात. (आधी जात विचारणारी घरेही आहेत, ती मी विसरलेलो नाही.) झिम्बाब्वेत मात्र २००२च्या दुष्काळात अनेक खेड्यांतून मक्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला तो कार्डाचा. कार्ड म्हणजे रेशन कार्ड नव्हे. सत्ताधारी झानू-पीएफ पक्षाच्या सदस्यत्वाचे कार्ड.

तिथल्या माणसाचे पोट मक्यावर चालते. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला ते 'साद्झा' म्हणतात, तो पानात असला म्हणजे जेवण झाले. आपल्याकडे भाकरीचे जसे आहे तसेच. २००१ साली सरकारने मक्याच्या व्यापाराची आणि आयातीची सगळी मक्तेदारी 'ग्रेन मार्केटिंग बोर्ड' या सरकारी मंडळाच्या हाती दिली. खाजगी व्यापाऱ्याला मका आणता येईना. त्यातच पावसाने दगा दिला. मंडळाचा मका स्वस्त होता, पण तो गावात कोणाला द्यायचा याची यादी गावचा मुखिया करी, आणि यादी करताना पक्षाची माणसे त्याच्या शेजारी बसलेली असत. १९९९ साली मॉर्गन त्स्वांगिराई यांच्या नेतृत्वाखाली एमडीसी हा विरोधी पक्ष निघाला होता. त्याचे म्हणून जे ओळखले गेले त्यांची नावे यादीतून गळू लागली.

नाव खोडणे ही हिंसा आहे का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत आहे. ज्याला काठीने मारले त्याच्या अंगावर वळ उठतो. तो वळ डॉक्टरला दाखवता येतो, पत्रकाराला दाखवता येतो. ज्याचे नाव खोडले त्याने काय दाखवावे? त्याला विचाराल तर पाऊस पडला नाही, मंडळाकडे मका संपला, मुखियाला विसर पडला, ट्रक आलाच नाही, अशी दहा कारणे पुढे येतात आणि गुन्हेगार एकही सापडत नाही. शिवाय काठी मतदाराच्या पाठीत बसते. खोडलेले नाव त्याच्या दोन वर्षांच्या लेकराच्या पोटात बसते. त्या लेकराचा कोणता पक्ष? मला तरी ही काठीहून हलकी हिंसा वाटत नाही.

हे शस्त्र झानू-पीएफने शोधून काढलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७०च्या दशकात ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने काळ्या शेतकऱ्यांना खेड्यांतून उठवून काटेरी तारांच्या वस्त्यांत कोंडले होते आणि त्यांच्या धान्यावर पहारे बसवले होते, ते जंगलातल्या मुक्तिसैनिकांच्या पोटात अन्न जाऊ नये म्हणून. त्या सैनिकांचे नेते १९८० साली सत्तेवर आले. रॉबर्ट मुगाबे तेव्हा साऱ्या आफ्रिकेचे, आणि आपलेही, लाडके होते. काही हजार गोऱ्या शेतकऱ्यांच्या ताब्यात देशातली उत्तम जमीन होती, हा अन्याय खराच होता आणि त्याविरुद्ध लढणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटणे स्वाभाविक होते. पण १९८४ साली, दुष्काळाचे सलग तिसरे वर्ष चालू असताना, त्याच सरकारने दक्षिण माताबेलेलँडमध्ये संचारबंदी लावली. दुकाने बंद केली, दुष्काळी मदतीचे धान्य अडवले. सुमारे चार लाख लोक या कोंडीत सापडले. कारण काय, तर तो भाग जोशुआ एन्कोमो यांच्या पक्षाला मानणारा होता. कॅथलिक चर्चच्या न्याय व शांतता आयोगाने १९९७ साली हे सगळे लोकांच्या जबान्यांसह प्रसिद्ध केले. तारांच्या वस्तीत जे कोंडले गेले होते त्यांच्याच माणसांनी पुढे दुसऱ्यांना कोंडले. जुलूम सोसलेला माणूस जुलूम करणार नाही, असे मानायला मन धजावते, इतिहास मात्र साथ देत नाही.

२००२ सालीच पक्षाचे एक बडे नेते डिडिमस मुतासा जाहीरपणे म्हणाले, की देशात साठ लाखच माणसे उरली तरी चालेल, ती आपली असली म्हणजे झाले. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या आत-बाहेर होती. म्हणजे निम्मी माणसे जास्तीची!

आता देणाऱ्याकडे वळू. त्याची अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. ऑक्टोबर २००२मध्ये इन्सिझा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. तिथे जागतिक अन्न कार्यक्रमाचे धान्य सत्ताधारी कार्यकर्त्यांनी धाकदपटशा करून ताब्यात घेतले आणि आपल्या माणसांत वाटले. जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या जिल्ह्यातले वाटपच थांबवले. निर्णय तत्त्वाला धरून होता. गरज पाहून द्यायचे, पक्ष किंवा धर्म पाहून नाही, हा मदतसंस्थांनी १९९४ सालच्या आचारसंहितेत लिहून घेतलेला नियम आहे. पण वाटप थांबले तेव्हा उपाशी कोण राहिले? ज्यांनी पोती पळवली ते नव्हेत. पोटनिवडणूक सत्ताधारी पक्षानेच जिंकली.

उलट बाजूने पाहिले, तर थांबवले नसते तर काय झाले असते? पुढची पोतीही त्याच वाटेने गेली असती आणि दूरदेशीच्या करदात्याच्या पैशाने पक्षाचा प्रचार झाला असता. माझ्या मते संस्थेने थांबवले ते बरोबर होते, पण हे म्हणताना माझी जीभ जरा अडखळते, कारण मी त्या दिवशी जेवलेलो होतो.

आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे, की त्यांना मंत्र्यापेक्षा मस्टर लिहिणाऱ्या कारकुनाची भीती जास्त वाटे. तेव्हा लाल मिलो आली, सुकडी वाटली गेली, लाखो माणसे जगली, आणि कोणी पक्षाचे कार्ड मागितले नाही. तरीही ज्याच्या हाती वही त्याच्यापुढे मान खाली. यावरून मला वाटते, की खरा प्रश्न पोत्यापेक्षा वहीचा आहे. वही कोणाकडे, ती कोणासमोर वाचली जाते, आणि गळलेल्या नावाबद्दल उघडपणे विचारता येते की नाही.

मक्केत बनू हाशिम घराण्यावर तीन वर्षे बहिष्कार होता. दरीत कोंडलेल्या त्या लोकांची भुकेली मुले रडत आणि ते रडणे बाहेर ऐकू येई, असे सीरतकारांनी लिहून ठेवले आहे. विरोधकांतलेच काहीजण रात्रीच्या अंधारात धान्याने लादलेला उंट दरीकडे हाकून देत. पुढे काळ उलटला. यमामाचे सरदार सुमामा यांनी इस्लाम स्वीकारला आणि मक्केला जाणारे धान्य बंद केले. आता मक्कावाले उपाशी मरू लागले. ते अजून शत्रूच होते, आणि त्यांनी एकेकाळी काय केले होते हे पैगंबरसाहेब विसरलेले असणे शक्यच नव्हते. तरी त्यांनी धान्य सोडायला सांगितले. ही हकीकत आपण सभांमधून मोठ्या अभिमानाने सांगतो. तिच्यातली अवघड गोष्ट मात्र सांगत नाही, ती अशी, की धान्य सोडण्यासाठी शत्रूने आधी सुधारावे अशी अट त्यांनी घातली नव्हती.

झिम्बाब्वेचा कळस झाला तो २००८ साली. २९ मार्चला मतदान झाले. या वेळी प्रत्येक केंद्राचा निकाल त्या केंद्राच्या दारावरच लावायचा, असा नवा नियम होता. मतमोजणीत फसवणूक होऊ नये म्हणून केलेली चांगली सुधारणा. त्स्वांगिराईंना ४७.९ टक्के आणि मुगाबेंना ४३.२ टक्के मते पडली. अर्ध्याहून अधिक मते कोणालाच नव्हती, म्हणून २७ जूनला दुसरी फेरी ठरली. दारावर लावलेल्या त्या कागदांवरून कोणत्या गावाने कोणाला मते दिली हे पक्षाला घरबसल्या कळले होते. मग मारहाणीची जी मोहीम निघाली तिचे नावच शोना भाषेत 'तू मत कुठे टाकलेस?' असे होते. ४ जूनला सरकारने मदतसंस्थांचे खेड्यांतले काम बंद करवले. संस्था विरोधकांचा प्रचार करतात, असा आरोप होता. वास्तविक त्यांतल्या बऱ्याच संस्था वाटपाची परवानगी टिकावी म्हणून जपून बोलत आल्या होत्या. त्या मौनाने परवानगी वाचवली नाही. त्याच दिवसांत शाळकरी मुलांसाठी आलेले वीस टन अमेरिकन धान्य वाटेत अडवून सत्ताधारी पक्षाच्या सभेत वाटले गेले. काही ठिकाणी विरोधकांना धान्य हवे असेल तर आधी ओळखपत्र जमा करावे लागते आणि ते निवडणूक होईपर्यंत परत मिळत नाही, अशी माहिती अमेरिकेच्या राजदूतांनी दिली. ओळखपत्राशिवाय मत देता येत नव्हते. सकाळी पीठ घ्यायचे की महिनाअखेरीला मत द्यायचे, असा सौदा.

ज्या बाईने पीठ घेतले, तिला काय म्हणायचे? आपल्यातले काही शुद्ध विचारांचे लोक म्हणतील, तिने मत विकले. मी असे म्हणणार नाही. विकायला दोन मोकळे हात लागतात. तिचा एक हात लेकराच्या पोटावर होता. आणि मार्चमध्ये काय झाले तेही आठवावे. कितीतरी माणसांनी पक्षाचे कार्ड खिशात ठेवून वर्षानुवर्षे मका घेतला होता, आणि पडद्याआड गेल्यावर त्यांतल्या अनेकांनी हवे तिथेच मत टाकले, नाहीतर मुगाबेंची मते ४३ टक्क्यांवर आली नसती. त्यांना खोटे म्हणावे का? कार्ड मागणाऱ्याला खरे उत्तर ऐकण्याचा हक्क होता, असे मला वाटत नाही.

मुखियाबद्दल मात्र माझे मन अजून ठरत नाही. तो गावचाच. नाव खोडले नाही तर त्याचे स्वतःचे घर जळणार. नाव खोडले तर शेजारणीची चूल विझणार, आणि तिच्या घरातला धूर येणे बंद झाले हे रोज सकाळी त्यालाच दिसणार.

त्स्वांगिराईंनी २२ जूनला माघार घेतली आणि मुगाबे बिनविरोध लढून जिंकले. मदतसंस्थांवरची बंदी २९ ऑगस्टला उठली. तोवर घराघरांतले मागच्या हंगामाचे धान्य संपत आले होते आणि पुढच्या पेरणीला बी नव्हते. २००९च्या सुरुवातीला जवळजवळ सत्तर लाख माणसे मदतीच्या रांगेत होती, म्हणजे देशातली निम्म्याहून अधिक. त्या रांगेत कार्ड असलेलेही होते आणि नसलेलेही.