पुस्तक दप्तरातच राहू दे

अकोला, जून अखेर

चि. बाई,


परतवाड्याच्या शाळेत तुला इतिहास मिळाला, फार बरं वाटलं. पहिल्या तासाला काय शिकवू, असं विचारलंस. माझं ऐकशील तर त्या दिवशी काहीच शिकवू नकोस.

माझी फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी फळ्यावर 'इतिहासाची साधने : भौतिक, लिखित, मौखिक' असं लिहिलं आणि घंटा होईपर्यंत बोलत राहिलो. शेवटी मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला, "सर, हे पेपरात येते का जी?" तो वर्ग वर्षभर काही माझ्या हाती लागला नाही.

पुढच्या जूनमध्ये मी वर्गात चम्मक नेलं. अचलपूरहून सायकलवर जाता येईल एवढंच लांब असलेलं हे गाव. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, पाचव्या शतकातला. त्यात गावाचं नाव चर्मांक आहे आणि ते 1000 ब्राह्मणांना दान दिलं आहे. खरी गंमत अटींत आहे. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. हे पाळलं तर चंद्रसूर्य असेपर्यंत गाव तुमचं. मोडलं आणि राजानं गाव काढून घेतलं, तर त्याला चोरीचा दोष नाही.

राजा, ब्राह्मण, साल सगळं गाळून मी नुसत्या अटी साध्या मराठीत कागदावर उतरवल्या. पाच-पाच पोरांत एक कागद दिला आणि विचारलं, हे कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं असेल? एक म्हणाला ग्रामपंचायतीचा ठराव. दुसरा म्हणाला, "कोणी ठोक्यानं वावर देल्लं असन." अगदीच चूक नव्हता तो! मग एका मुलीनं विचारलं, "दान देल्लं, तं मंग एवढा धाक कायचा?" ज्यांना गाव दिलं त्यांच्यावर राजाचा भरवसा नव्हता काय, यावर अर्धा तास भांडण झालं. गावाचं नाव मी अगदी शेवटी सांगितलं. चम्मकला मामा असलेला पोरगा एकदम उभाच राहिला.

तू हे करशील तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नकोस. वर्ग गप्प बसला तर बसू दे. 'चूक' म्हणू नकोस, 'कशावरून?' एवढंच विचार.

दुसऱ्या दिवशी गावाचं नाव घे. परतवाडा हे नाव कशावरून पडलं, हे घरी विचारून या म्हण. कोणी परेडवरून सांगेल, कोणी परतण्यावरून. खरं कोणतं हे तू ठरवून देऊ नकोस. कोणाकडून ऐकलं, त्यानं कोणाकडून ऐकलं, हे लिहायला लाव. म्हातारी माणसं गावाला अजून कॅम्प का म्हणतात, हेही विचार. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी आणि 1905 पर्यंत असलेला वेगळा एलिचपूर, म्हणजे अचलपूर, जिल्हा तिथून आपोआप निघतो. ज्यांचे आजोबा शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरला गेले असतील, त्यांच्या घरी तर मोठाच ठेवा आहे. रुळांवर आता गाडी नाही, आठवणी आहेत.

एक सांभाळ. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो अचलपूरवरून. गोष्ट थरारक आहे, पण तिनं वर्ष सुरू करू नकोस. तुझ्या वर्गात हिंदू-मुसलमान दोन्ही मोहल्ल्यांतली पोरं असतील. नाव-गाव ओळखीचं व्हायच्या आधी ती गोष्ट आली की बाकांच्या मधोमध रेघ पडते. पुरावा तपासायची सवय लागली की दिवाळीनंतर खुशाल घे.

गाविलगडाची सहलही पावसाळ्यात काढू नकोस, घाटात धुकं फार. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेनं तो किल्ला घेतला; त्याच दिवसांत पोरांना ने. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला तो हाच, हे तटावर उभं राहून सांग. तिथे ते वेगळं ऐकू येतं.

चम्मकच्या अटींचा माझा जुना कागद पाकिटात घातला आहे. शाई फिकी झाली आहे, झेरॉक्स गडद काढून घे. आणि त्या मुलीसारखा प्रश्न कोणी विचारला तर मला कळव.

तुझा,
मामा