हसणारे कुठे बसले होते?

‘टॉम अँड जेरी’मधली केरसुणी उगारून टॉमच्या मागे धावणारी बाई आम्हा ढोकी गावच्या पोरांना कधी मोलकरीण वाटली नाही. तिचा चेहरा पडद्यावर येत नसे. दिसायचे ते जाड पाय, घसरलेले मोजे आणि सपाता. आम्ही तिला घरमालकीण समजत होतो. मांजराला हुसकावत घरभर ओरडणारी एखादी आजी आमच्या प्रत्येक गल्लीत होती, म्हणून ती आम्हाला ओळखीचीही वाटायची.

ही बाई १९४० च्या पहिल्याच लघुपटात आली. तिला आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. गोऱ्यांच्या घरी राबणारी, लठ्ठ, कर्कश काळी बाई हा अमेरिकेतल्या करमणुकीत आधीपासून ठरून गेलेला साचा, तोच इथे उचलला होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्यावर हरकत घेतली. १९५२ नंतर ती पुढच्या चित्रांतून गेली. साठच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी जुन्या प्रती दुरुस्त करताना काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई काढली आणि तिला आयरिश ढंगाचा आवाज दिला. मांजराची फजिती मात्र होती तशीच राहिली, आणि ती पाहून आजही हसू येतं. मार खाऊन पुन्हा उठणाऱ्या मांजराला काळ लागलेला नाही, काळ लागला तो त्या पायांना.

‘पूर्वी लोक मोकळेपणी हसायचे, आता सगळ्यांच्याच भावना दुखावतात’ हे वाक्य आपण सारखं ऐकतो. मला ते मान्य नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तिकीट काढून बसलेल्या कृष्णवर्णीय बाईला ते पाय १९४० सालीही बोचले असणार. फक्त तिचं म्हणणं चित्र काढणाऱ्यांच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हतं. आम्हाला ते बोचलं नाही, कारण आम्ही फार लांब बसलो होतो.

हे नीट कळण्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या चित्रपटगृहांतही व्यंगपट दाखवले जात. फाळक्यांनी आगकाड्या हलवून गंमत केली होती, प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला. पण खेड्यापर्यंत सातत्याने पोहोचले ते फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं बंधनकारक होतं. १९५६ मध्ये तिथे व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत येऊन आपल्या चित्रकारांना शिकवून गेले, आणि जातककथेवरचा ‘बनियन डिअर’ १९५७ मध्ये तयार झाला. त्यातली हरणं आजही पाहावीशी वाटतात. जी. के. गोखल्यांच्या ‘होमो सॅप्स’मध्ये थट्टेचा विषय सबंध मनुष्यजात होती, त्यामुळे तीही टिकून आहे.

याच काळातल्या कुटुंबनियोजन, लसीकरण, बचत अशा विषयांवरच्या प्रचारात मात्र एक ठरलेला माणूस पुन्हा पुन्हा भेटायचा. डोक्याला पागोटं, मागे पोरांची रांग, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. त्याला समजावणारा शर्ट-पँटीतला, चष्मेवाला. ती पोरांची रांग आली की हशा पिकायचा. जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसलेल्या पागोटेवाल्यांनी हे पाहिलं आणि तेही हसले. ते हसले म्हणजे त्यांना ते आवडलं, असा अर्थ काढायला मी तयार नाही. चारचौघांत आपलं हसं होत असताना माणूस आधी स्वतःच हसून मोकळा होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या हसण्याची धार बोथट होते. कारखान्यावर ऊस घालताना, तहसीलमध्ये दाखला मागताना याच शेतकऱ्याने साहेबापुढे असं हसू किती वेळा आणलं असेल! त्या चित्रांचा हेतू चांगला होता. लस खरोखरच हवी होती. तरीही ज्याच्या भल्यासाठी चित्र काढलं, त्यालाच त्यात मूर्ख ठरवलं होतं, आणि मुंबईतल्या प्रेक्षकाला यात काही वावगं दिसत नव्हतं. आम्हाला ती मोलकरीण दिसली नाही, तसंच हे.

तंबूतल्या त्याच प्रेक्षकाला तमाशातला सोंगाड्याही ठाऊक होता. बतावणीत तो कोतवालाला, पाटलाला, राजाला उताणा पाडायचा. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून हेच शहरी रंगमंचावर आणलं. सत्तेच्या अंगावर जाणारा हा विनोद अजून ताजा आहे. मात्र सोंगाड्याला निर्दोष ठरवून चालणार नाही. राजाला टोले देता देता तो शेजारी उभ्या नाचणारणीवरही शेरे मारत असे. ते आज ऐकवत नाहीत, आणि तिला तेव्हा ते ऐकून घ्यावे लागत होते ही गोष्ट वेगळी सांगायला हवी.

ज्याच्यावर विनोद होतो त्याचं म्हणणं काय, हे पाहताना व्यंगपटांतल्या स्पीडी गोन्झालेस या मेक्सिकन उंदराची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या चित्रांत मेक्सिकोच्या माणसांची टवाळी होते म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कने ती बंद केली. ती परत दाखवा असा आग्रह धरला तो लॅटिनो प्रेक्षकांनीच, आणि २००२ मध्ये उंदीर परतला. त्याचे आळशी भाऊबंद त्यांना दिसत नव्हते असं नाही. पण स्पीडी दर वेळी जिंकतो, तो त्यांचा नायक होता. एखादा विनोद नासला की नाही, हे ठरवताना ज्याच्यावर तो केला त्याला विचारावं, हे यातून मला घ्यावंसं वाटतं. त्याचं उत्तर आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळं असू शकतं.

म्हणूनच जुनी चित्रं कापून टाकण्याला माझा विरोध आहे. मोलकरणीच्या जागी गोरी बाई काढली तेव्हा अपमानाचा पुरावाच पुसला गेला. फिल्म्स डिव्हिजनचे ते लघुपट जसेच्या तसे आमच्या ढोकीच्या शाळेत दाखवावेत, तंबूत बसून ते पाहिलेल्या म्हाताऱ्यांना बोलवावं आणि तेव्हा काय वाटलं होतं ते मुलांसमोर विचारावं. त्याच बैठकीत ‘मोटू-पतलू’ या कार्टून मालिकेचा एखादा भागही दाखवावा. मोटूच्या पोटावर आणि समोशांवर मुलं आज खदखदून हसतात. आणि ज्याला वर्गात याच नावाने हाक मारतात, तो मुलगाही त्यांच्यात बसून हसतो. त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.