सातबारा कुणाच्या नावावर?

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या चौपदरीकरणात शाहूवाडीतली आमची थोडी भातजमीन गेली. मोबदला आला तसा आबांनी मला पुण्यात फोन केला. "कुठं ठेवायचं हे पैसं, तूच सांग." मी सॉफ्टवेअरवाला. पण घरात शिकलेल्याला सगळंच कळतं.

मी रीट सुचवलं. सेबीने 2014 मध्ये त्याचे नियम केले. एम्बसीचं, म्हणजे देशातलं पहिलं रीट, एप्रिल 2019 मध्ये बाजारात आलं, 300 रुपयांना एक युनिट. ऑफिसांचं भाडं गोळा होतं आणि वाटण्याजोग्या रोकडीतला किमान 90 टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या इमारतीचा सातबारा कुणाच्या नावावर हाय रं?"

उत्तर टाळून मी एक्सेल उघडलं. वर्षाचं निव्वळ भाडं 100 रुपये धरा. 8 टक्क्यांनी भागलं की किंमत 1250, 7 टक्क्यांनी भागलं की 1428. वीट हलली नाही, भाडेकरू बदलला नाही. बदलला तो पुढच्या काळावरचा माझा भरवसा. कंपन्या टिकतील, माणसं ऑफिसात येतील, हा भरवसा. (घरून काम मिळावं म्हणून मॅनेजरशी भांडणारा मी, या कोष्टकात मात्र सगळ्यांनी रोज यावं म्हणून बसलो होतो.)

आमच्या खाचराची किंमत मात्र उलटीकडून निघाली. 2013 चा भूसंपादन कायदा आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतो, वरच्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी काढतो. मुद्रांकाचा सरकारी दर त्याहून जास्त असेल तर तो धरतो. वर गुणांक, 100 टक्के दिलासा रक्कम. लुबाडलं असं म्हणवत नाही. पण शेताला भूतकाळ लागला आणि ऑफिसला भविष्यकाळ, हे खटकतं. त्यातही मुद्रांक वाचवायला खरेदीखतात आकडा कमी टाकायची गावाकडची जुनी रीत. आमच्याच लबाडीची सरासरी आम्हाला परत मिळाली म्हणायची.

एम्बसी रीटची संकुलं हिंजवडीतही आहेत. तिथेही एकेकाळी शेतंच होती. माझं कोष्टक भाडं सुरू झालं तिथून सुरू होतं. त्याआधीच्या मालकाला त्यात रकाना नाही. बाजारातून युनिट घेणाऱ्याने कुणाला उठवलेलं नसतं, हे मला पटतं. पण दर तिमाहीला पैसे त्याच जमिनीवरून येणार, हेही खरंच. पाप नाही म्हणून आपला काही संबंधच नाही, असं मला म्हणता येईना.

शेवटी आबांना खरं सांगितलं : एमआयडीसी जमीन सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, सातबारा आपला काय, इमारतवाल्यांचाही नसतो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "निम्मं घाल."

उरलेल्या निम्म्यात आंब्याकडे दहा गुंठे बघितलेत. दर ठरलाय. खरेदीखतात आकडा किती टाकायचा, ते अजून ठरायचंय.